दारू सोडणाऱ्यांची सभा

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेची सुरुवात 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात, बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून झाली. महाराष्ट्रात तिच्या सभा ‘एए मीटिंग’ म्हणून ओळखल्या जातात; शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात त्या भरतात. पत्ता आणि वेळ संघटनेच्या हेल्पलाइनवर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात मिळते. ‘खुल्या’ सभेला कोणीही बसू शकते, ‘बंद’ सभा फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते.

नोंदणी नाही, फी नाही. शेवटी फिरणाऱ्या पिशवीत सदस्य स्वेच्छेने पैसे टाकतात. पहिले नाव सांगितले की पुरते, आडनाव कोणी विचारत नाही. एकजण आपली कहाणी सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. नव्या माणसाने गप्प बसले तरी चालते, आणि ही मुभा फार मोलाची आहे. जन्मभराच्या शपथेऐवजी आजचा दिवस न पिण्यावर भर असतो. घरच्यांसाठी ‘अल-अॅनॉन’च्या वेगळ्या सभा असतात.

सभा म्हणजे औषधोपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यास हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.