पूडल-संकर कुत्रा दत्तक घेताना

अंध व्यक्तींना मार्गदर्शक कुत्री पुरविणाऱ्या ऑस्ट्रेलियातील एका संस्थेकडे १९८० नंतरच्या दशकात हवाई बेटांवरून एक विनंती आली. एका अंध महिलेस मार्गदर्शक कुत्रा हवा होता. परंतु तिच्या पतीस कुत्र्यांच्या सान्निध्याने ॲलर्जीचा त्रास होत असे. संस्थेतील प्रजननाचे काम पाहणारे वॉली कॉनरन यांनी, केस फारसे न गळणाऱ्या पूडल जातीची ३३ कुत्री पारखून पाहिली. एकही या कामास उतरले नाही. अखेर त्यांनी लॅब्रॅडॉर व पूडल यांचा संकर केला. १९८९ च्या सुमारास तीन पिले जन्मली. त्यांच्या केसांचे व लाळेचे नमुने हवाईला पाठविले असता तिघांपैकी एकच पिलू त्या गृहस्थांना मानवले.

हा शेवटचा तपशील पुढे विसरला गेला. ‘लॅब्राडूडल’ हे नाव तेवढे लोकप्रिय झाले आणि पूडलचा संकर म्हणजे ॲलर्जी न करणारा कुत्रा, असा समज पसरला. वस्तुतः ॲलर्जीस कारणीभूत होणारी प्रथिने मुख्यतः कुत्र्याच्या लाळेत व त्वचेच्या कोंड्यात असतात. केस गळणे कमी झाले, तरी ती नाहीशी होत नाहीत. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तथाकथित ‘ॲलर्जीमुक्त’ जातींची कुत्री असलेल्या घरांत व इतर कुत्र्यांच्या घरांत या प्रथिनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. कॉनरन यांनीही पुढे या संकराच्या बाजाराबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

अमेरिका व इंग्लंडमधील निवाराकेंद्रांत अशी कुत्री येऊन पोहोचतात, त्यामागे पुष्कळदा हाच अपेक्षाभंग असतो. दुसरे कारण केसांचे. न गळणारा कुरळा केस वाढतच राहतो. तो नियमित विंचरला नाही व दर सहा ते आठ आठवड्यांनी कातरला नाही, तर त्याच्या गाठी थेट कातडीपर्यंत घट्ट होतात आणि खाली जखमा होतात. शिवाय मोठा पूडल व लॅब्रॅडॉर ही दोन्ही मूळची शिकाऱ्याला पाण्यातून सावज आणून देणारी कुत्री. त्यांच्या संततीला दिवसभर बंद घरात ठेवणे हा तिच्यावर अन्यायच होय.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच नावावर विसंबू नये. केंद्रातील पाटीवर लिहिलेली जात बहुधा रूपावरून केलेला अंदाज असतो. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचा मात्र एक मोठा लाभ आहे: त्याचा आकार, केसांचा पोत व स्वभाव समोर दिसतो. पिलाबाबत हे सारे अनुमानावर सोडावे लागते. घरात कोणास ॲलर्जी असल्यास त्या व्यक्तीने त्याच कुत्र्याच्या सहवासात वेगवेगळ्या दिवशी काही तास काढावेत. लोंबत्या, केसाळ कानांत संसर्ग लवकर होतो, तेव्हा कान उघडून पाहावेत. डोळे व मागच्या पायांचे सांधे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावेत. आपणासही राहते घर, कामाचे तास व घरातील मुले यांविषयी प्रश्न विचारले जातील. ते विचारणारी संस्था त्रासदायक वाटली, तरी तीच भरवशाची समजावी. काहीही न विचारता, कुत्रा प्रत्यक्ष न दाखविता आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

या व्यवहारावर कायद्यांनीही लक्ष ठेवले आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिलांची मध्यस्थांमार्फत विक्री करण्यास बंदी आहे. पिलू थेट पैदासकाराकडून घ्यावे किंवा निवाराकेंद्रातून. आपल्या देशात २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक असून आठ आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही.

घरी आणलेला कुत्रा प्रारंभी खाणार नाही, कोपऱ्यात बसून राहील किंवा रात्री रडेल. यावरून त्याची परीक्षा करू नये. नव्या घरात रुळण्यास त्याला काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. या काळात पाहुण्यांची गर्दी टाळावी, जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा सांभाळाव्यात आणि पहिल्या आठवड्यातच विंचरण्याची सवय थोडी थोडी लावावी.