भरला टोफू : सोयाबीनच्या दुधापासून ताटापर्यंत

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे लहानसे नगर भिलाईच्या उत्तरेस वसले आहे. त्याच्या लगतच नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी आहेत. 1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, आणि अशा भट्ट्यांना लागणारी चुनखडी नंदिनीने पुरविली. ह्या चुनखडीतील मुख्य धातू कॅल्शियम होय. भूमीच्या पोटात असे कॅल्शियम दडलेले आहे, तर दुर्ग, बेमेतरा, राजनांदगाव ह्या पट्ट्यातील काळ्या कन्हार जमिनीत सोयाबीन पेरले जाते. सोयाबीन आणि कॅल्शियमचा क्षार ह्या दोन पदार्थांच्या भेटीतून जगातील एक जुने आणि पौष्टिक अन्न सिद्ध होते. त्याचे नाव टोफू. त्यात सारण भरण्याची कला हाका लोकांनी विशेष जोपासली.

‘हाका’ ह्या शब्दाचा अर्थ ‘पाहुणी कुटुंबे’ असा आहे. हे लोक उत्तर चीनमधून निरनिराळ्या काळी दक्षिणेकडे सरकले आणि ग्वांगदोंग, फूज्येन, ज्यांगशी ह्या प्रांतांतील डोंगराळ भागात स्थिरावले. त्यांच्यापैकी काही पुढे कलकत्त्यासही आले आणि टांग्रा भागात त्यांनी चामडे कमावण्याचा धंदा केला. आपल्याकडील ‘हाका नूडल्स’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. भरल्या टोफूविषयी परंपरा असे सांगते की, उत्तरेत ही मंडळी गव्हाच्या पारीत सारण भरून खात; दक्षिणेत गहू दुर्मिळ झाला, तेव्हा त्यांनी पारीच्या जागी टोफू घेतला. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, हा बदल शक्य कसा झाला, ह्याचे उत्तर रसायनशास्त्र देऊ शकते.

सोयाबीन रात्रभर भिजवून पाण्यासह वाटले व गाळले, म्हणजे चोथा वेगळा होऊन पांढरे ‘दूध’ मिळते. हे दूध चांगले उकळणे अत्यावश्यक आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात, आणि उष्णतेने ते बव्हंशी निष्प्रभ होतात. उकळण्याचा दुसराही एक उपयोग आहे. प्रथिनांचे घट्ट गुंडाळलेले रेणू उष्णतेने उलगडतात. त्यांवर ऋण विद्युत्भार असल्यामुळे ते परस्परांना दूर लोटतात, आणि म्हणून दूध पातळच राहते. ते सुमारे 75 ते 80 अंश सेल्सिअसवर आले असता त्यात पाण्यात कालवलेले खाद्य प्रतीचे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मिसळतात. कॅल्शियमचे धन आयन हा विरोध शमवितात, रेणू एकमेकांना बिलगतात आणि त्यांचे जाळे तयार होते. पाणी त्या जाळ्यात अडकून पडते. ज्याने घरी खरवस पाहिला आहे, त्याला ही स्थिती निराळी समजावून सांगावयास नको; मात्र खरवस केवळ उष्णतेने बसतो, येथे क्षाराचे साहाय्य लागते.

जिप्सम एका लिटर पाण्यात सुमारे 2 ग्रॅम इतकेच विरघळते. त्यामुळे कॅल्शियम सावकाश सुटते आणि साका मऊ, एकजीव बसतो. मॅग्नेशियम क्लोराइड झटकन विरघळते. त्याने साका लवकर व किंचित रवाळ होतो. नंदिनीची चुनखडी मात्र ह्या कामी निरुपयोगी आहे, कारण कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बांधकामाचे जिप्समही कदापि वापरू नये. घरी काहीच नसेल, तर लिंबाच्या रसानेही साका होतो, पण तो पनीरसारखा भुरभुरीत असतो.

साका कापडात बांधून दाबला की त्याच्या वड्या पाडता येतात. वडीत खोलगट जागा कोरून तीत सारण भरतात. हाका घरांत ते बहुधा डुकराच्या खिम्याचे असते, आणि चवीसाठी थोडी खारवलेली मासळी त्यात घालतात. खिमा मीठ घालून एकाच दिशेने घोटतात. मिठामुळे मांसातील मायोसिन हे प्रथिन सुटते, खिमा चिकट होतो आणि शिजताना टोफूच्या भिंतीला घट्ट धरतो. भरलेली बाजू आधी तेलात परततात, मग रश्शात मंद शिजवितात. अळिंब्यांच्या सारणात मायोसिन नसते, म्हणून तेथे पिठाचा आधार लागतो. आपल्या भरल्या मिरचीत हेच काम बेसन करते.

हाका लोक आग्नेय आशियात पसरले, तेथे सारणात मासळीचा लगदा आला. क्वालालंपूरजवळच्या आंपांग येथे टोफूच्या जोडीने वांगी, भेंडी, कारली आणि मिरच्याही भरल्या जातात. ही यादी वाचून मराठी गृहिणीला आपल्याच स्वयंपाकघराची आठवण व्हावी! तळून फुगविलेल्या पोकळ टोफूतही सारण भरतात. सारांश, पारी व सारण बदलले, पण रीत टिकली.

आता प्रश्न आपला. 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे आहारविषयक प्रयोग केले होते. पुढे मध्य भारतात ह्या पिकाचा विस्तार झाला, परंतु तो प्रामुख्याने तेलासाठी. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 20 टक्के तेल आणि 40 टक्के प्रथिने असतात. तेल काढल्यावर उरणारी प्रथिनयुक्त पेंड बव्हंशी कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते. भातावर उदरनिर्वाह करणाऱ्या कुटुंबांना हा व्यवहार विचारात पाडणारा आहे. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, सोयाबीनमध्ये ते भरपूर असते. दोहोंची जोडी उत्तम जमते.

परक्या प्रदेशात गहू मिळेना, म्हणून हाका लोक अडून बसले नाहीत, असे ती परंपरा सांगते. आपल्याला तर परदेशही गाठावयाचा नाही. मूठभर सोयाबीन रात्री भिजत घालावे, सकाळी वाटून, गाळून, नीट उकळून त्याचा साका करावा, आणि त्यात वांग्यात भरतो तेच शेंगदाणा-खोबऱ्याचे सारण थोडे बेसन मिसळून भरावे. पहिल्या खेपेस वडी मोडेल. साका थोडा अधिक दाबला, की दुसऱ्या खेपेस ती टिकेल.