वजनाची शस्त्रक्रिया : तोडणीनंतरची मशागतच महत्त्वाची



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत आलो. यावेळचा विषय निराळा आहे. मे २०२३ मध्ये आमची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून शिवारात फिरताना ऊसनोंदीपेक्षा याचीच चौकशी जास्त होते. कुणी विचारतो, "साहेब, कसली पावडर घेता?" कुणी हळूच म्हणतो, "आतडं कापून टाकलं म्हणं!" एका माउलीने तर आमच्या सौ.ना गाठून "काही वंगाळ आजार नाही ना?" असे विचारले. तेव्हा जे झाले ते सर्वांसाठी एकदाच लिहावे, असे ठरविले.

लिहिण्यास दुसरेही कारण आहे. आमच्या गटातील दोन सभासदांचे पाय मधुमेहामुळे कापावे लागले. दोघेही पन्नाशीच्या आतले. "कष्टाच्या माणसाला साखर होत नाही" हा समज आता सोडला पाहिजे. औतामागे दिवसभर चालणारा शेतकरी आता कितीसा राहिला? मोटार मोबाइलवरून चालू होते, रानात जायला मोटारसायकल आहे. ताट मात्र आजोबांच्या वेळचेच आहे.

आमची अवस्था

आमची उंची ५ फूट ६ इंच आणि वजन १२४ किलो होते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. भारतीय माणसात हा आकडा २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात. आमचा ४४ होता. २०१५ पासून मधुमेह, २०२० पासून दोन वेळा इन्सुलिन. फडात शंभर पावले चालले की धाप लागे. रात्री घोरता घोरता श्वास अडके, आणि दिवसा गट कार्यालयात बसल्या बसल्या डोळा लागे.

उपाय केले नाहीत असे नाही. आहारतज्ज्ञांचा तक्ता, पहाटेचे चालणे, भात बंद, हे सर्व चार वर्षे नेमाने केले. दोनदा दहा-बारा किलो उतरले आणि दोन्ही वेळा परत भरले. डॉक्टरांनी सांगितले, "यात तुमचा आळस नाही. वजन उतरले की शरीर भूक वाढवते, खर्च कमी करते आणि जुन्या वजनाकडे परत ओढते." इतक्या वर्षांत असे समजावून सांगणारे ते पहिलेच.

आतडे कापून टाकतात काय?

नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया सुरू केली. १९९० च्या दशकापासून ती दुर्बिणीतून होऊ लागली. आज मुख्यतः दोन प्रकार चालतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यतः या काढलेल्या भागात तयार होते. दुसरा बायपास, तो आमचा झाला. यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे खालून उचलून तिला जोडतात. बाकीचे जठर पोटातच राहते, फक्त अन्न तिकडून जात नाही. पाटाला नवा फाटा काढून पाणी परस्पर पुढच्या वाफ्यात न्यावे, तसाच प्रकार. या बदलाने मधुमेहावर जो परिणाम होतो, तो वजन उतरण्याआधीच दिसू लागतो.

चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. शिवाय हा उपाय ढेरी सुटलेल्या प्रत्येकासाठी नाही. आपल्याकडे साधारणपणे बीएमआय ३७.५ च्या पुढे असेल, किंवा ३२.५ च्या पुढे असून मधुमेह, रक्तदाब असे आजार असतील, तरच तज्ज्ञ विचार करतात.

घरचा निर्णय

आई म्हणाली, "चालत्या-बोलत्या माणसानं पोट फाडून घ्यायचं व्हय?" भावकीतही कुणाचा होकार नव्हता. आमच्या सौ. चार दिवस गप्प होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "रात्री तुमचा श्वास अडकला की मी हलवून जागं करते. तीन वर्षं झाली, मी सलग झोपले नाही. एखाद्या रात्री मला डोळा लागला तर?" यावर कुणाला उत्तर देता आले नाही. तारीख त्याच दिवशी ठरली. हंगाम आटोपून तोडणी मजुरांच्या गाड्या गावी परतल्या आणि आम्ही रजेचा अर्ज दिला.

दवाखान्यात सही करण्याआधी धोके वाचून दाखविले. रक्तस्राव, जोडातून गळती, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे. जिवाचा धोका थोडा असतो, पण नसतोच असे नाही. आदल्या दिवशी बँकेचे पासबुक, विम्याचे कागद आणि सातबारा सौ.च्या हाती दिला व वारसनोंदी तपासून घेतल्या. दोन हंगामांची ऊसनोंद डोक्यात ठेवणारा माणूस, पण त्या रात्री मुलांच्या इयत्ताही नीट आठवेनात.

पहिले तीन महिने

यकृत लहान व्हावे म्हणून आधी दोन आठवडे हलका, बहुतांशी पातळ आहार होता. शस्त्रक्रिया पाच लहान छिद्रांतून झाली. गुठळी होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी सलाइनचा स्टँड धरून चालविले. दुसऱ्या दिवसापासून दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या टोपणाने दोन-तीन घोट पाणी. घरी आल्यावर ताकाची निवळी आणि डाळीचे पाणी, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि दोन महिन्यांनी साधे जेवण. साधे म्हणजे अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ. तेवढ्यात पोट भरते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. बाराव्या दिवशी मळमळीमुळे पाणीच पोटात जाईना. तोंड कोरडे पडले, लघवी गडद झाली, उठले की चक्कर. दोन दिवस पुन्हा सलाइन लावावे लागले. तिसऱ्या महिन्यात केस गळू लागले, ते पुढे थांबले. मन मात्र अधिक अवघड गेले. घरात सर्वजण जेवायला बसले की आम्ही उठून गोठ्याकडे जायचो. भूक नव्हती, पण चाळीस वर्षांची पंगत सुटली होती. तेव्हा आई स्वतःचे ताट घेऊन गोठ्यात आली आणि म्हणाली, "तू नको जेवू. बस नुसता." दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाटी घेऊन पंगतीला बसू लागलो.

कारखान्याचा माणूस आणि साखर

बायपासनंतर गोड एकदम लहान आतड्यात उतरते आणि तिथे पाणी ओढून घेते. छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा असा त्रास होतो. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. त्या वर्षी गणपतीत हातावर आलेल्या एका मोदकाने आम्हाला अर्धा तास आडवे केले. म्हणून आम्ही गुऱ्हाळावर रस नाकारतो. परवा एका सभासदाने भर बैठकीत विचारले, "साहेब, तुम्हीच रस सोडल्यावर कारखाना चालायचा कसा?" हसे झाले. पण बांधावर जाऊन कुणाचा चहा नाकारणे हे आमच्या नोकरीत सोपे नाही, हे तुम्ही जाणता. आमच्यासाठी बिनसाखरेचे ताक ठेवणाऱ्या घरांचे आम्ही ऋणी आहोत.

तोडणीनंतरची मशागत

ऊस तुटला म्हणजे काम झाले असे समजणाऱ्याचा खोडवा कसा येतो, ते तुम्हाला सांगायला नको. बुडखे छाटायचे, पाचट राखायचे, नांग्या भरायच्या, खत वेळेवर द्यायचे. इथेही तेच. शस्त्रक्रिया तीन तासांची, मशागत जन्माची.

१) रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने. ताटात आधी डाळ, उसळ, अंडी, पनीर, मग भाकरी.
२) जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट.
३) ब १२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व कायमचे. या गोळ्या बंद केल्या तर रक्त कमी होते, हाडे आणि नसा दुबळ्या होतात.
४) तंबाखू, सिगारेट बंद. दारू पूर्वीपेक्षा लवकर चढते, ती टाळावी. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.
५) ठरलेल्या वेळी रक्ततपासणी आणि रोजचे चालणे.

आता हिशेब देतो. वर्षात वजन १२४ वरून ८६ वर आले. आज ८९ आहे. तीन किलो परत आले, ते डोळ्यात तेल घालून बघतो. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.२ होती, ती ६.१ झाली. डॉक्टरांनी इन्सुलिन बंद केले, एक गोळी चालू आहे. मधुमेह गेला असे आम्ही म्हणत नाही, तो काबूत आहे. पोटाची कातडी लोंबते. सौ. रात्रभर झोपतात.

विचार करणाऱ्यांसाठी

खर्च लाखांत येतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ च्या पुढे असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा काबूत न येणारा मधुमेह असल्यास, इतर उपाय थकल्यावर या शस्त्रक्रियेचा दावा करता येतो. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ आधी वाचावा. २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनाची इंजेक्शनेही आपल्याकडे आली. त्यांनी वजन उतरते, पण बंद केल्यास बहुधा परत येते. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. दहा दिवसांत दहा किलो सांगणाऱ्या डब्यांच्या नादी लागू नये.

लागणीपूर्वी माती परीक्षण करा, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आणि आता बहुतेक सभासद करतात. तशीच चाळिशी गाठलेल्या प्रत्येक सभासदाने व सभासदाच्या घरधनिणीने येत्या हंगामापूर्वी रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, ही कळकळीची विनंती. पायाला जखम असून ती भरत नसेल, तर हंगामाचीही वाट पाहू नये.

— ऊस विकास अधिकारी