कोरड्या पोशाखाची पारख

मालवणच्या समुद्रांत बुडी मारून प्रवाळ व मासे पाहावयास आज पुष्कळ लोक जातात. तेथील पाणी उबदार असल्यामुळें साधा पोशाख पुरतो. परंतु सर्वच ठिकाणीं तसें नसतें. आइसलंड बेटांत सिल्फ्रा नांवाची, नितळ पाण्यानें भरलेली एक खोल भेग आहे. जगांतील पाणबुडे तेथें मुद्दाम जातात. पण त्या पाण्याचें उष्णमान बारमाही २ ते ४ अंश सेल्सियस एवढेंच असतें. शिवाय पाणी हवेपेक्षां सुमारें २५ पट अधिक उष्णता वाहून नेतें. हात बधिर झाले म्हणजे पाणबुड्यास आपल्या हवेच्या टाकीची झडपही फिरवितां येत नाहीं, आणि थंडी ही नुसती गैरसोय न राहतां प्राणसंकट होतें. म्हणून तेथें पाणी आंत शिरूं न देणारा कोरडा पोशाख घालतात. त्याची पारख कशी करावी, हें या लेखांत आम्ही सांगणार आहों.

पहिली गोष्ट ही, कीं मध्यें रबर व दोन्ही बाजूंस नायलॉन अशा तीन पदरी कापडाच्या पोशाखास स्वतःची ऊब जवळजवळ नसतेच. ऊब येते ती आंतील जाड कपड्यांपासून व त्यांत कोंडलेल्या हवेपासून. यास्तव माप पाहतांना ते कपडे अंगावर असलेच पाहिजेत. पातळ सदऱ्यावर बरोबर बसलेला पोशाख पुढें तोकडा ठरतो.

पोशाख घालून उकिडवें बसावें. दोन्ही हातांनीं स्वतःस मिठी मारावी. मग हात मानेमागें नेऊन, पाठीवरील टाकीची झडप जेथें येईल तेथपर्यंत बोटें पोहोंचतात कीं नाहीं तें पाहावें. कोठें ओढ बसली तर पोशाख लहान समजावा.

मग मोठाच घेतला तर काय बिघडलें, असें कोणी विचारील. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि रॉबर्ट बॉइलनें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें पोशाखांतील हवा निम्म्या जागेंत मावते. पोशाख अंगास आवळूं लागतो, म्हणून छातीवरील झडपेनें थोडी हवा आंत घ्यावी लागते. वर येतांना तीच हवा फुगते व ती दंडावरील झडपेंतून सोडावी लागते. ढगळ पोशाखांत ही हवा पायांकडे धांवते. पाय वर व डोकें खालीं झालें, कीं दंडावरची झडप खालीं राहते, हवा निघत नाहीं, आणि पाणबुड्या भलत्याच वेगानें वर फेंकला जातो. त्यामुळें फुप्फुसांस गंभीर इजा होऊं शकते.

आतां गळा व मनगटें. येथें लेटेक्स, सिलिकोन किंवा नीओप्रीनच्या पट्ट्या असतात. त्या सैल असल्या तर पाणी शिरतें. गळ्याची पट्टी फार घट्ट असली तर मानेंतील रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन भोंवळ येते. लेटेक्सची पट्टी हलकेंच ताणून पाहावी. ती चिकट झाली असेल वा तिच्यावर बारीक चिरा दिसतील, तर ती बदलावी. पोशाख बंद करण्याची चेन सरळ व अखंड असावी, आणि ठेवतांना तिची कडक घडी घालूं नये.

शिवणींची परीक्षा सायकलच्या ट्यूबसारखीच होते. गळा व मनगटें बंद करून पोशाखांत हवा भरावी व शिवणींवर साबणाचें पाणी फिरवावें. जेथें बुडबुडे उठतील तेथें छिद्र आहे असें जाणावें.

इतकें झाल्यावरही नवा पोशाख प्रथम उथळ पाण्यांत, जाणत्या शिक्षकाच्या देखत वापरून पाहावा. दोन्ही झडपा न पाहतां हातास सांपडूं लागल्या, म्हणजे खोल पाण्याचा विचार करण्यास हरकत नाहीं. पोशाखाचा रंग व किंमत दुकानांत कोणासही दिसते. पण अंगाबरोबर तो कसा हलतो, हें घालणाऱ्यानें स्वतःच पारखलें पाहिजे.