पाठीतलं पाणी

मेंदूच्या विकारांवर गप्पा सुरू झाल्या की आपली गाडी न्यूरॉलॉजिस्ट-लेखक ऑलिव्हर सॅक्सपाशी येऊन थांबते. माझी मात्र गेली कित्येक वर्षं जोसेप दल्माऊ या कॅटलान न्यूरॉलॉजिस्टपाशी अडून बसली आहे. त्यांनी उलगडलेला अँटि-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस हा मेंदूदाह बऱ्याच जणांना सुझाना कॅहलनमुळे ठाऊक झाला. न्यूयॉर्कची ही 24 वर्षांची वार्ताहर 2009मध्ये भ्रमिष्टासारखी वागू लागली. डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तर तिने सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. प्रसंगच असा, की त्यावर पुस्तक निघालं, सिनेमाही निघाला. पण मला जास्त रस आहे तो आधीच्या, फ्रीझरमधल्या जुन्या नमुन्यांच्या गोष्टीत.

बार्सिलोनाहून निघालेले दल्माऊ न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये जेरोम पोझनर यांच्या हाताखाली तयार झाले. कॅन्सरविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती मेंदूवरच कशी उलटते, हा तिथला विषय. तिथल्या अँटिबॉडींना रुग्णांच्या आडनावांतली पहिली दोन अक्षरं दिलेली: हू, यो, री. निदान व्हायचं, पण रुग्ण सहसा सुधारत नसे. या अँटिबॉडींचं लक्ष्य पेशीच्या आत असतं, पेशींना प्रत्यक्षात प्रतिकारशक्तीच्या टी-सेल मारतात, आणि मेलेली चेतापेशी परत येत नाही.

2005मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असताना, दल्माऊंच्या गटाने चार स्त्रियांची हकिकत छापली. चौघींना मानसिक लक्षणं किंवा विस्मरण, चौघींच्या अंडाशयात टेराटोमा. ही गाठ चमत्कारिक: तिच्यात केस, दात, कधी मेंदूसारखी ऊतीसुद्धा वाढते. या चौघींच्या अँटिबॉडी मात्र पेशीच्या पृष्ठभागावर चिकटत होत्या. 2007मध्ये 12 स्त्रियांच्या अभ्यासातून लक्ष्याचं नाव कळलं: एनएमडीए रिसेप्टर, चेतापेशीवरचा संदेश टिपणारा रेणू. केटामाइन हे भुलीचं औषध हाच रिसेप्टर अडवतं, म्हणून त्यानेही भास होतात. अँटिबॉडीमुळे पेशी हे रिसेप्टर आत ओढून घेते. दारावरची बेल काढून ठेवावी तसं. घर शाबूतच असतं. अँटिबॉडी हटल्या की रिसेप्टर परत येतात. 2008च्या लेखात 100 रुग्ण होते, त्यांत 91 स्त्रिया. 75 जण पूर्ण बरे झाले किंवा किरकोळ दोषावर निभावलं.

सगळ्यात रंगतदार धागा जपानचा. तिथले डॉक्टर तरुण मुलींमधला हर्पिसविना होणारा एन्सेफलायटिस वेगळा ओळखून होते, कारण सापडत नव्हतं. ताकाहिरो इइझुका यांनी 1999 ते 2003 या काळातल्या चार रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने दल्माऊंच्या गटाबरोबर तपासले. अँटिबॉडी निघाल्या. त्या मुली गाठ न काढताच, सावकाश का होईना, सावरल्या होत्या. ‘गाठ काढा, रुग्ण बरा’ हे सोपं सूत्र त्यामुळे ढिलं पडलं. गाठ सापडली तर काढायचीच, पण हा आजार नुसत्या गाठीचा नाही, हे जुन्या बाटल्यांनी सांगितलं.

जपून ठेवलेले नमुने माणसांपुरतेच बोलले नाहीत. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं लाडकं ध्रुवीय अस्वल क्नूट 2011मध्ये प्रेक्षकांसमोर पाण्यात कोसळून बुडालं. 2015मध्ये त्याच्या राखून ठेवलेल्या नमुन्यांत याच अँटिबॉडी मिळाल्या.

हल्ली अंगात येणं, भूतबाधा, युरोपातल्या चेटकिणी, सगळंच या आजाराच्या खात्यावर मांडायची हौस दिसते. मला ती मुळीच पटत नाही. क्नूटचे नमुने होते, जपानी मुलींचे होते. चेटकिणींचं काय शिल्लक आहे? त्यापेक्षा आजच्या रुग्णाकडे बघावं. चांगली शिकली-सवरलेली मुलगी काही दिवसांत भ्रमिष्ट झाली, सोबत झटके आले, तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या, तर मानसोपचारतज्ज्ञाने न्यूरॉलॉजिस्टला बोलवावं. मग अँटिबॉडी तपासायला पाठीतलं पाणी काढायची वेळ येते आणि नातेवाईक आडवे पडतात: माणूस कायमचा अधू होईल म्हणून. काढायचं असतं दोन-तीन चमचे. या आजारात तेवढ्या पाण्यावर पुढचं सगळं आयुष्य ठरू शकतं, हे घरच्यांना बसून समजावणं हाही उपचारच आहे.