विश्लेषण : डॉकरमधला डेटा खरेच उडतो, की नुसता हरवतो?

घरच्या जुन्या लॅपटॉपवर किंवा छोट्या कार्यालयातल्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाऊड बसवून मोबाइलमधले फोटो तिथे साठवणारे अनेक जण आहेत. सारे सुरळीत चालू असते. एके दिवशी ॲप बंद करून त्याच्या फोल्डरचे नाव बदलले जाते, ॲप पुन्हा सुरू होते आणि पडद्यावर येते, ‘प्रशासक खाते तयार करा’. जुने खाते नाही, फोटोही नाहीत. पोटात गोळा येतो. पण बहुतेक वेळा डेटा पुसलेला नसतो. ॲप भलत्याच जागी पाहत असते.

व्हॉल्यूम कशासाठी?

डॉकर २०१३ मध्ये आले. ॲप आणि त्याला लागणाऱ्या फाइली एका बंद डब्यात भरायच्या, तो डबा म्हणजे कंटेनर. नेक्स्टक्लाऊडसारख्या ॲपला असे दोन-तीन डबे लागतात : एक ॲपचा, एक डेटाबेसचा, बऱ्याचदा एक रेडिसचा. ते कसे जोडायचे, हे ‘कंपोज’ फाइलमध्ये लिहिलेले असते. कंटेनर काढून टाकला की त्याच्या आत लिहिलेले सारे जाते. म्हणून टिकवायचा डेटा बाहेर, व्हॉल्यूममध्ये ठेवतात. घर भाड्याचे, लॉकर बँकेतला, असा हा प्रकार. घोळ होतो तो लॉकरचा क्रमांक चुकल्यावर.

फोल्डरच्या नावाशी काय संबंध?

कंपोज प्रत्येक व्हॉल्यूमच्या नावाआधी प्रकल्पाचे नाव लावते आणि वेगळे सांगितले नसेल तर प्रकल्पाचे नाव म्हणजे फोल्डरचे नाव. ‘फोटो’ फोल्डरमधला ‘डेटा’ व्हॉल्यूम ‘फोटो_डेटा’ होतो. फोल्डर ‘अल्बम’ झाला की कंपोज ‘अल्बम_डेटा’ नावाचा कोरा व्हॉल्यूम तयार करते, तेही तक्रार न करता. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ ही आज्ञा दिली की दोन्ही नावे दिसतात. उपाय सोपा आहे. ॲप थांबवा, कंपोज फाइलच्या वर ‘नेम’ या ओळीत जुने नाव लिहा आणि ॲप सुरू करा. पुढे फोल्डरचे नाव कितीही बदलले तरी फरक पडत नाही.

एका टिंबाने काय होते?

‘डेटा’ असे नुसते लिहिले तर तो नावाचा व्हॉल्यूम. आधी टिंब आणि तिरकी रेघ दिली तर तो आपल्या फोल्डरमधला ‘डेटा’. नावाचा व्हॉल्यूम फाइलच्या ‘व्हॉल्यूम्स’ विभागातही नोंदवावा लागतो. तो विसरलात तर कंपोज चूक दाखवून थांबते. ही त्यातल्या त्यात सभ्य चूक. याउलट, फाइल जोडताना तिचा मार्ग चुकला तर त्या नावाचा रिकामा फोल्डर तयार होतो आणि एन्जिनएक्ससारखा प्रोग्रॅम सेटिंगच्या फाइलऐवजी फोल्डर पाहून अडतो. तो फोल्डर काढून योग्य मार्ग दिला की काम होते.

पोस्टग्रेसची गोष्ट वेगळी का?

पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये १७व्या आवृत्तीपर्यंत डेटा ‘पोस्टग्रेसक्यूएल’ फोल्डरच्या आतल्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये असतो. व्हॉल्यूम एक पायरी वर जोडला तर डॉकर आतल्या जागेसाठी निनावी व्हॉल्यूम तयार करते. ॲप छान चालते. ‘डाउन’ करून पुन्हा ‘अप’ केले की तो निनावी व्हॉल्यूम जोडला जात नाही आणि डेटाबेस कोरा दिसतो. २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून मात्र ती वरची पायरीच योग्य ठरली. त्यामुळे इंटरनेटवरची जुनी फाइल उचलताना आवृत्ती बघावीच लागते. शिवाय नवी मुख्य आवृत्ती जुन्या डेटा फाइली थेट वाचत नाही. आधी जुन्या आवृत्तीतून डम्प काढून नव्यात भरावा लागतो.

‘डाउन -व्ही’ केव्हा द्यावे?

कंपोज फाइलमधला पासवर्ड बदलला, पण ॲप डेटाबेसला जोडले जात नाही, असे पुष्कळदा होते. कारण पोस्टग्रेसची इमेज तो पासवर्ड फक्त डेटाची जागा रिकामी असताना, पहिल्यांदाच वाचते. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘डाउन -व्ही’. चाचणीच्या संगणकावर तो चालतो. खऱ्या डेटावर हीच आज्ञा कंपोज फाइलमध्ये नोंदवलेले व्हॉल्यूम पुसून टाकते आणि विचारतही नाही. नुसते ‘डाउन’ त्यांना हात लावत नाही. पासवर्डच बदलायचा तर चालू कंटेनरमध्ये शिरून ‘पीएसक्यूएल’मधून बदलावा.

काहीही दुरुस्त करण्याआधी ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. कंपोजने फाइल कशी वाचली, ते समोर येते. ‘डॉकर इन्स्पेक्ट’मधल्या ‘माउंट्स’खाली कोणता व्हॉल्यूम कुठे जोडलाय तेही दिसते. जुना व्हॉल्यूम सापडला की लगेच त्याची प्रत काढावी, पण डेटाबेस थांबवून. चालू डेटाबेसच्या फाइलींची प्रत अर्धवट निघू शकते. कोरा व्हॉल्यूम त्यानंतरच, आणि जुने फोटो डोळ्यांनी पाहिल्यावर, काढून टाकावा.