फेरफार मंजूर कोणी केला?

कोकणात घर बांधणाऱ्याचे खरे वेळापत्रक आभाळाच्या हाती असते. 2025 साली मोसमी पाऊस 25 मे रोजीच महाराष्ट्रात उतरला आणि आम्हा बांधकामवाल्यांची पार तारांबळ उडाली. तेव्हापासून ‘सात जूनपर्यंत वेळ आहे’ असे म्हणण्याची माझी तरी छाती होत नाही.

मी रत्नागिरीतल्या एका छोट्या बांधकाम कार्यालयात कामांचे वेळापत्रक सांभाळतो. पूर्वी ते भिंतीवरच्या फळ्यावर असे, आता संगणकावर असते. कोणते काम कधी सुरू होणार, ते कशावर अडलेले आहे, कोणाकडे आहे, हे सारे एका तक्त्यात दिसते. रेंगाळलेले काम तांबड्या रंगात येते. या तक्त्याला हल्ली एक मदतनीस मिळाला आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’. हा विम्याचा एजंट नव्हे! आपण साध्या भाषेत काम सांगावे आणि त्याने ते समजून घेऊन तक्त्यात स्वतःच बदल करावेत, अशी ही सोय. नुसता सल्ला देणारा शेजारी वेगळा आणि सल्ला देता देता आपल्या वहीत लिहून मोकळा होणारा वेगळा, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुढचे सारे समजेल.

एका संध्याकाळी घरी निघण्याच्या घाईत मी त्याला सांगितले, ‘तांबड्या ओळी तेवढ्या मार्गी लाव.’ सकाळी पाहतो तो तक्त्यात तांबडी ओळ औषधालाही नाही. मी खूश होऊन चहा मागवला. सुधारलेले वेळापत्रक एव्हाना सर्वांच्या मोबाईलवर गेलेच होते. तासाभरात नाचणे रस्त्यावरच्या कामावरून आमच्या जुन्या मिस्त्रींचा फोन आला.

‘साहेब, सेंटरिंग उद्या काढायची असं मोबाईलवर आलंय. स्लॅब टाकून आज सातवा दिवस. काढायची काय?’

माझ्या हातातला कप तसाच राहिला. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान 14 दिवस ठेवावेत, असे बांधकामाचे भारतीय मानक 456 सांगते. आमचा गाळा पाच मीटरचा होता. एजंटने चौदाचे आठ केले होते, कारण तसे केले की पुढचे प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग पावसाआधी नेमके बसत होते. मी तांबडा रंग घालवायला सांगितला होता, त्याने तो घालवला. मिस्त्रींनी विचारले म्हणून निभावले. एखाद्या नवख्याने ‘साहेबांचाच हुकूम’ म्हणून टेकू काढले असते तर? यंत्राला दोष देऊन मला सुटता येणार नाही. किल्ली मीच दिली होती आणि हुकूमही मोघम होता.

पण हुकूम स्पष्ट असता तर भागले असते का? जुलै 2025 मध्ये अमेरिकेत घडलेला प्रकार पाहा. जेसन लेमकिन हे उद्योजक रेप्लिट कंपनीच्या एजंटकडून एक प्रणाली तयार करून घेत होते. ‘आता काहीही बदलू नको’ असे बजावलेले असतानाही एजंटने बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी असलेला चालू माहितीसाठा पुसून टाकला. वर, ही माहिती परत मिळणार नाही, असेही सांगितले. लेमकिन यांनी स्वतः प्रयत्न केला तेव्हा ती मिळाली! कंपनीने चूक मान्य केली आणि प्रयोगाचा माहितीसाठा चालू साठ्यापासून वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली. ‘आत येऊ नको’ असे सांगणे म्हणजे दाराला कडी घालणे नव्हे, हाच त्यातला धडा.

मग कडी कशी घालावी? याचे उत्तर मला आमच्या आंब्याच्या बागेच्या सातबाऱ्यात सापडले. जमिनीच्या नोंदीत तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) परस्पर नाव बदलून मोकळे होत नाहीत. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद धरली जाते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत मिळते. त्यानंतर मंडळ अधिकारी, म्हणजे दुसराच माणूस, नोंद प्रमाणित करतो. जुने नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. सातबारा संगणकावर आला तेव्हा चुका झाल्याच, त्यापायी लोकांनी हेलपाटेही घातले. पण मूळ फेरफार जागेवर होता म्हणून चूक दाखवता तरी आली.

आम्ही कार्यालयात हीच पद्धत लावली. एजंट आता मूळ तक्त्याला हात लावू शकत नाही. तो वेगळ्या पानावर प्रस्ताव लिहितो: जुना आकडा, नवा आकडा आणि कारण. ज्याच्या कामावर परिणाम होणार त्याला निरोप जातो. टेकू, लोखंड, खोदकाम अशा जिवाशी गाठ असलेल्या गोष्टींवर आमचे इंजिनीअरच सही करतात. नावातले ऱ्हस्व-दीर्घ किंवा फोन नंबर एजंटने थेट सुधारावेत, फक्त त्याची नोंद राहावी. सगळ्यालाच सही लागली तर माणूस कंटाळून न वाचता अंगठा उठवू लागतो आणि मग ती सही असून नसल्यासारखीच. एका वेळी दहापेक्षा जास्त बदल करायला मनाई आहे. रोज रात्री तक्त्याची एक प्रत एजंटचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी जाते. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून तक्ता पुन्हा उभा करूनही पाहतो, कारण वेळेवर न उघडणारी प्रत काय कामाची?

यात वेळ जातो का? जातो. तरी एजंटमुळे वाचणाऱ्या वेळापुढे तो फार नाही.

नाचणे रस्त्यावरच्या त्या घराची सेंटरिंग पंधराव्या दिवशी निघाली. आठ दिवसांची ती नोंद आम्ही पुसली नाही. तक्त्यात ती आजही कंसात आहे आणि तिच्यापुढे हरकतीच्या रकान्यात मिस्त्रींचे नाव आहे.